आधी वायपर, मग रडार

गेल्या गणपतीत माझा भाचा मुंबईहून नव्या गाडीने आला. पेणपासून राजापूरपर्यंतच्या खड्ड्यांचं पुराण दरवर्षीचंच, पण या वेळी त्यात एक नवा अध्याय होता. "मामा, हिला डोळे आहेत," तो म्हणाला आणि आरशामागे काचेला चिकटवलेला कॅमेरा दाखवला. पुढच्या बंपरात रडार. गाडी दोन पट्ट्यांच्या मधे आपणहून राहते, पुढच्या वाहनापासून अंतर राखते, वेळ आलीच तर ब्रेकही मारते. आरतीला आलेल्या पोरांनी गाडीभोवती असा घोळका केला की बाप्पा काही वेळ एकटेच बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही लांज्याला जायला निघालो. महामार्गावर एका ठिकाणी कामासाठी वाहतूक वळवली होती. जुने पांढरे पट्टे खरवडून काढले होते, पण पुरते नव्हेत. त्यांच्यावरून तिरके पिवळे पट्टे मारलेले, आणि दोन्हींवर डंपरच्या चाकांनी आणलेला तांबडा चिखल. यातला कुठला पट्टा जिवंत आणि कुठला मेलेला, ते माणसाला कळतं. गाडीला कळलं नाही. तिने जुना पट्टा धरला आणि स्टिअरिंग हलकेच साइडपट्टीकडे ओढलं. भाच्याने ते आवळून धरलं म्हणून निभावलं. पाचेक मिनिटांत सर कोसळली आणि पडद्यावर सूचना उमटली: पुढचा कॅमेरा झाकला गेला आहे, सुविधा तात्पुरती बंद. सुविधा तात्पुरती बंद होती. पाऊस चार महिन्यांचा होता.

गावात राहून नव्या वस्तूवर शंका घेतली की "तुमचा जमाना गेला" हे ऐकावं लागतं, म्हणून आधीच सांगतो. मी मोबाइलवरून वीजबिल भरतो आणि माझ्या जुन्या गाडीत एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही याची मला खंत आहे. माझं भांडण वेगळं आहे. ऊन असताना, रस्ता सरळ असताना, पट्टे कोरे असताना जी सोय चालते आणि पाऊस लागला की हात वर करते, ती खुशाल सोय म्हणून विकावी. तिला सुरक्षितता म्हणू नये. आणि तिच्या भरवशावर रस्त्याची, वेगाची, दिव्यांची जबाबदारी कोणी अंगाबाहेर टाकू नये.

त्या रात्री मी गाडीची पुस्तिका वाचून काढली. (मास्तरकीची खोड, निवृत्त झालो तरी छापलेलं दिसलं की वाचतो.) भाच्याने ती उघडलीही नव्हती. तिच्यात स्वच्छ लिहिलंय: जोराचा पाऊस, धुकं, समोरून येणारा प्रखर प्रकाश, तीव्र वळणं, चढउतार, पुसट किंवा दुहेरी पट्टे, रस्त्याची कामं, अशा वेळी ही यंत्रणा नीट चालेलच असं नाही. प्राणी ओळखू येतीलच असं नाही. गाडीवर ताबा ठेवण्याची जबाबदारी चालकाची. मी ती यादी दोनदा वाचली. ही तर कोकणातल्या रस्त्याची व्याख्या झाली! डांबराच्या उबेला रात्री रस्त्यात बसणारी गुरं तेवढी राहिली म्हणावं, तर तीही 'प्राणी' या शब्दात आलीच होती.

म्हणजे जाहिरातीत गाडी तुमची काळजी घेते आणि पुस्तिकेत तुम्ही गाडीची. दोन्ही कागद एकाच कंपनीचे. ज्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्येच उरकतो, तिथे ती यादी अपवादांची राहत नाही. वर्षाचा तिसरा हिस्सा तोच नियम असतो.

"पण तू लक्ष ठेवायचंच आहेस ना? मग बिघडलं कुठे?" असं कोणी विचारेल. बिघडतं ते इथेच. लिझान बेनब्रिज नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली कारखान्यांतल्या आणि विमानांतल्या स्वयंचलित यंत्रांबद्दल एक निरीक्षण मांडलं होतं. यंत्र सोपं काम स्वतःकडे घेतं आणि अवघड तेवढं माणसासाठी ठेवतं. वर, रोजचं काम हातातून गेल्यामुळे माणसाचा सराव सुटतो आणि नेमक्या अवघड क्षणी तो कच्चा पडतो. आता हे आंबा घाटात ठेवून बघा. खाली साखरप्यापर्यंत गाडी छान चालली. चालकाचे हात सैल, मन दुसरीकडे. वर धुक्याच्या पहिल्या पडद्यात कॅमेरा आंधळा झाला आणि गाडीने टुंग असा आवाज करून सगळा कारभार परत दिला. तोवर समोरून ट्रकचे दिवे आलेले. आमच्याकडे होडी बाहेर काढताना तांडेल पहिल्यापासून सुकाणूवर असतो, वादळ दिसल्यावर झोपेतून उठून बसत नाही.

सगळी नवी साधनं मी एकाच दावणीला बांधत नाही. एबीएस आलं तेव्हाही शंका होत्या. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की पायाखालचं पेडल थरथरतं. गाडी मोडली असं वाटून पाय काढून घेणारे लोक मी पाहिलेत. सुट्या खडीवर एबीएसने गाडी थोडी जास्तच लांब जाते हेही खरं. तरी ते उत्तम साधन आहे. कारण ते तुमच्याकडून विश्वास मागत नाही, तुमचं लक्ष उडवत नाही. तुम्ही चुकलात तरच ते मधे पडतं, आणि पावसात तर जास्तच उपयोगी पडतं. एअरबॅगही तशीच, ती आहे हे एरवी विसरून जायचं. सरकारने २०१९ मध्ये नव्या मोटारींना एबीएस आणि चालकापुढची एअरबॅग सक्तीची केली, ते योग्यच केलं. त्याच वर्षी ताशी ८० किलोमीटरच्या पुढे इशारा देणारी शिट्टीही आली. तिची गंमत अशी की ती महामार्गावर वाजते आणि जिथे चाळीसही जास्त, त्या भोस्ते घाटाच्या वळणावर गप्प बसते.

सगळ्यात जास्त वैताग आणतो तो मधला मोठा पडदा. भर पावसात गाडीच्या काचा आतून धुरकटतात. जुन्या गाडीत एक चाक फिरवलं, वारा काचेवर गेला, नजर रस्त्यावरच. भाच्याच्या गाडीत त्यासाठी पडद्यावर आधी एक चित्र दाबायचं, मग दुसरं. बोट ओलं असलं तर पडदा ते ओळखत नाही. बोट शर्टाला पुसायचं, पुन्हा दाबायचं. एवढ्यात गाडीने एक अख्खं वळण मागे टाकलेलं असतं. हे माझं हट्टी म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका. स्वीडनमधल्या एका मोटार-मासिकाने २०२२ मध्ये बटणांची २००५ सालची व्हॉल्वो आणि पडद्यांच्या नव्या गाड्या यांची चाचणी घेतली होती. ताशी ११० च्या वेगाने जाताना साधीच चार कामं करायची. जुन्या गाडीत ती दहा सेकंदांत झाली. सगळ्यात वाईट निघालेल्या नव्या गाडीत ४४ सेकंदांहून जास्त वेळ लागला, आणि तेवढ्यात गाडी सव्वा किलोमीटरच्याही पुढे गेली होती. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून ठरवलंय की इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे आणि मदत मागण्याचं बटण यांना हाताला लागणारा खटका किंवा दांडी नसेल, तर गुण कापले जातील.

समुद्राकाठी राहणाऱ्यांना आणखी एक दाखला द्यायला हवा. ऑगस्ट २०१७ मध्ये सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची जॉन एस. मॅकेन ही विनाशिका एका तेलवाहू जहाजावर आदळली. दहा नौसैनिक मेले. सुकाणू आणि इंजिनाचा वेग यांचा ताबा स्पर्शपडद्यांवर होता. कुठला ताबा कुठल्या जागेवर गेलाय याचा गोंधळ झाला आणि जहाज हाताबाहेर गेलं असं वाटून सगळे गडबडले. चौकशीनंतर नौदलाने आपल्या विनाशिकांवर हाताने ढकलायच्या जुन्या पद्धतीच्या दांड्या परत बसवायचं ठरवलं. पैशाची आणि तंत्रज्ञांची ददात नसलेलं नौदल दांडीवर परत येतं, आणि आमच्याकडे वायपरचा वेग पडद्यात लपवला की गाडी 'प्रीमियम' होते.

आता दुरुस्तीचं बघू. आमच्या नाक्यावरच्या मेस्त्रीने तीस वर्षं पाना, तार आणि कान यांच्यावर गाड्या चालत्या ठेवल्या. इंजिनाचा आवाज ऐकून तो दुखणं सांगतो. भाच्याच्या गाडीचं बॉनेट उघडून त्याने बघितलं आणि परत लावलं. "सर, हिला पाना नको, लॅपटॉप हवा." पावसाळ्यात ट्रकच्या चाकाखालची खडी उडून काच तडकणं आमच्याकडे नवं नाही. पण काचेला कॅमेरा असला की नुसती काच बदलून भागत नाही. त्या कॅमेऱ्याची नजर पुन्हा जुळवून घ्यावी लागते. ते काम होतं कुठे? आम्हाला कोल्हापूरचं नाव सांगितलं गेलं, म्हणजे घाट चढून जायचं, तेही फुटक्या नजरेच्या गाडीने. अरुंद वाटेत जांभ्याच्या गडग्याला बंपर घासणं हा तर इथला रिवाज. पूर्वी त्यावर रंगाचा एक हात पुरत होता. आता बंपराच्या आत रडार आहे.

शिवाय खारा वारा. तांब्याच्या भांड्याला कल्हई गेली की जसा हिरवा कळक चढतो, तसा तो वायरींच्या जोडांना चढतो. साध्या गाडीत असे जोड मोजके. नव्या गाडीत ते शेकड्यांनी, आणि त्यातल्या एकाने दगा दिला की डॅशबोर्डवर तुळशीच्या लग्नासारखी रोषणाई. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत डोक्यावरून गेलं. त्यानंतर तिथल्या माझ्या ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे मी दोन गाड्या शेजारी शेजारी पाहिल्या. एक जुनी डिझेल जीप: गाळ काढला, तेलं बदलली, डायनामो उघडून सुकवला, आठवड्यात रस्त्यावर. दुसरी जेमतेम दोन वर्षांची मोटार: इंजिन धड होतं, पण खाली बसवलेले कंट्रोलचे डबे आणि वायरींचं जाळं पाण्यात गेलं होतं. विम्यावाल्यांनी तिला मयत ठरवलं.

गाडीला सिम कार्ड असणं हीसुद्धा आता मोठेपणाची गोष्ट. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोघांनी घरी बसून महामार्गावर चाललेली जीप चेरोकी इंटरनेटवरून ताब्यात घेऊन दाखवली, आणि कंपनीला चौदा लाख गाड्यांची दुरुस्ती काढावी लागली. आमची अडचण त्याहून साधी आहे. अणुस्कुरा घाटात बऱ्याच ठिकाणी माझ्या फोनला रेंज नसते. तिथे गाडी दरीत गेली तर छतावरचं मदतीचं लाल बटण कुणाला हाक मारणार? प्रवासी वाहनांत जागा दाखवणारं यंत्र आणि धोक्याचं बटण २०१९ पासून सक्तीचं आहे. वडापच्या जीपमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी त्या बटणाला पिशवी अडकवली होती. मी चालकाला विचारलं, हे दाबलं तर काय होतं? तो म्हणाला, "पासिंगला लागतं."

नकाशाचं तर विचारू नका. जुलै २०२५ मध्ये बेलापूरला मोबाइलच्या नकाशावर भरवसा ठेवून निघालेली एक मोटार पुलावर जाण्याऐवजी खालच्या रस्त्याने थेट खाडीत गेली. सागरी पोलीस जवळ होते म्हणून आतल्या बाई वाचल्या. आमच्या बाजूला धोपाव्याच्या धक्क्यावर रात्री येऊन थबकलेले पाहुणे मी पाहिलेत. नकाशा खाडीवरून दाभोळला जाणारी निळी रेघ दाखवतो, शेवटची फेरीबोट सुटून गेल्याचं तो सांगत नाही. चहाच्या टपरीवर काच खाली करून विचारलं असतं तर दहा किलोमीटर आधीच कळलं असतं.

भाच्याचं म्हणणं मी खोडून काढलेलं नाही, तेही इथे सांगायला हवं. तो म्हणाला, "मामा, रात्री दहाला डोंबिवलीहून निघालेल्या माणसाला पहाटे चारला डुलकी लागली तर?" प्रश्न खरा आहे. चाकरमानी दिवसभर ड्यूटी करून रात्री गाडी काढतो आणि सकाळच्या पूजेला पोचायचं म्हणून कुठे थांबत नाही. अशा वेळी आपणहून लागणारा ब्रेक जीव वाचवू शकतो. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ते-सुरक्षा संस्थेने आकडे तपासून दाखवलंय की अशा ब्रेकमुळे मागून धडक देण्याचे अपघात निम्म्याने कमी होतात. तो ब्रेक मी काढून टाका म्हणणार नाही. पण आपल्याकडे माणसं मरतात ती मुख्यतः कशी? २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. पन्नास हजारांवर लोकांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, सोळा हजारांवर लोकांनी सीटचा पट्टा लावला नव्हता. मासळीची टोपली मागे बांधून पहाटे निघालेल्या स्कूटरला रडार नाही, कधी असणारही नाही. उलट तिच्या पुढची रडारवाली गाडी रिकाम्या रस्त्यात सावलीला घाबरून करकचून थांबली, तर मार तिलाच.

पट्ट्याचीच गोष्ट घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला. गाडी मर्सिडीज, सुरक्षेची साधनं ठासून भरलेली. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता आणि ते दोघेच गेले. त्यानंतर देशभर चर्चा झाली, आणि त्याच काळात ऑनलाइन दुकानांतून एक चिमुकलं यंत्र धडाक्याने विकलं जात होतं: पट्ट्याच्या खाचेत अडकवायची क्लिप. ती अडकवली की पट्टा न लावताही शिट्टी बंद. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन बाजारांना ती विकायला मनाई केली. तेरा हजारांवर नोंदी काढायला लावल्या. गाडीच्या किमतीत शिट्टीचे पैसे मोजायचे आणि ती गप्प करायला वेगळे मोजायचे! भाच्याच्या गाडीतही मागच्या सीटला तशी एक क्लिप सापडली. "कामवाल्याने लावली असेल," म्हणाला. मी ती खिशात टाकली.

रस्ताच नसेल तर कुठलं यंत्र काय करणार? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीला पूर आला आणि ब्रिटिशांच्या वेळचा दगडी पूल वाहून गेला. दोन एस्ट्या आणि इतर गाड्या त्या अंधारात नदीत गेल्या. पुढे पूल नाही हे ओळखणारं रडार अजून कोणी विकायला काढलेलं नाही. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. म्हणजे मनावर घेतलं तर होतं. तिकडे मुंबई-गोवा महामार्गाचं पनवेल ते इंदापूर चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं, तेव्हा जन्मलेलं पोर आता दाढीमिशांची वाट बघतंय. असा रस्ता देणारी व्यवस्था गाडीला डोळे लावा म्हणू लागली की मला संशय येतो. डोळे खाजगी पैशाने यायचे, पट्टे सरकारी पैशाने. यातलं पहिलं हप्त्यावर मिळतं. दुसरं मागायला ग्रामसभेत उभं राहावं लागतं.

त्यामुळे असे डोळे सक्तीचे करायचेच असतील तर आधी ते लावलेल्या गाड्या आषाढात, रात्री, परशुराम घाटातून आणि आंबोलीतून चालवून दाखवा. पुण्याजवळच्या कोरड्या चाचणीपथावर नको. कॅमेरा किती वेळा आंधळा झाला ते गाडीच्या किमतीखाली छापा. काच बदलून नजर जुळवण्याची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी नसेल, तर त्या जिल्ह्यात ती गाडी विकताना तसं तोंडाने सांगा. वायपर, काचेवरचा वारा आणि दिवे हाताला लागतील अशा खटक्यांवर ठेवा. आणि जे यंत्र त्रास द्यायला लागेल ते एकदा बंद केलं की बंद राहू दे. दर वेळी इंजिन सुरू केलं की पुन्हा जागं होणारं नको.

दिव्यांबद्दल लिहायचं राहिलं. नंतर बाजारातून बसवलेले पांढरेशुभ्र एलईडी समोरच्याच्या डोळ्यांत सुया खुपसतात, धुक्यात तर बसवणाऱ्यालाही समोर पांढरी भिंतच दिसते. त्यावर एक वेगळा लेख होईल. तूर्त एवढंच, की चढावरून उतरताना अपर सोडून डिपर द्यायला लागणारं यंत्र म्हणजे डाव्या हाताचं एक बोट.

भाचा परत निघायच्या आदल्या दिवशी मेस्त्रीकडे नेऊन मी त्याच्या गाडीचे वायपर बदलून घेतले. मुंबईत उन्हात उभी राहून रबर कडक झालं होतं आणि काचेवर नुसते ओरखडे ओढत होतं. दहा मिनिटांचं काम. जाताना आमच्या वाडीच्या फाट्यावरचं वळण त्याला दाखवलं. तिथे कडेला पांढरा पट्टा नाही. रात्री पावसात डांबर कुठे संपतं आणि व्हाळ कुठे सुरू होतो ते कळत नाही. ना माणसाला, ना कॅमेऱ्याला. पट्टा मारावा म्हणून दोन पावसाळ्यांपूर्वी अर्ज दिलाय. पोच माझ्याकडे आहे, शिक्क्यासकट. "मारला की कळवा," भाचा काच खाली करून म्हणाला, "मग तिथे चालवून बघू हिला." मी हो म्हटलं.